चौथ्याची जागा

मुंबईच्या उपनगरी गाडीतील दुसऱ्या वर्गाचा बाक रेल्वेच्या दप्तरी तिघांचा आहे. परंतु ज्याने घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली यांपैकी एखाद्या स्थानकाचा मासिक पास दोन-चार वर्षे खिशात बाळगला आहे, त्याच्या लेखी तो चौघांचा असतो. या चौथ्या माणसाची बैठक पुरती नसते. त्याचे अर्धे अंग बाकावर आणि अर्धे वाटेत असते, एक पाय खाली रेटून त्याला आपला तोल सांभाळावा लागतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीचा धक्का त्याच्याच गुडघ्याला बसतो. तरीही ‘चौथी सीट’ या नावाने ती जागा साऱ्या शहराने मान्य केलेली आहे. तिच्यासाठी कोणी फर्मान काढलेले नाही, तिकीट तपासनीस तिची वास्तपुस्त करीत नाही, आणि ती नाकारणाऱ्याला दंडही होत नाही. उभा असलेला माणूस बाकाजवळ येतो, बोटांनी किंवा नुसत्या नजरेने खूण करतो, फार तर ‘जरा सरका’ एवढे दोन शब्द उच्चारतो, आणि दिवसभराच्या श्रमाने शिणलेली, परस्परांची नावेही ठाऊक नसलेली तीन माणसे खिडकीच्या दिशेने चार-चार बोटे सरकतात.

या चार बोटांविषयी मला लिहावयाचे आहे. मनुष्याच्या थोरवीचा विचार करताना आपण त्याग, हौतात्म्य, दान, क्रांती असे भव्य शब्द योजतो, आणि त्या शब्दांच्या छायेत दैनंदिन आयुष्यातील बारीकसारीक कृतींना शिष्टाचाराच्या, फार तर बाळपणीच्या संस्कारांच्या सदरात टाकून मोकळे होतो. ही वर्गवारी मला चुकीची वाटते. सहजीवन या नावाने आपण ज्या गोष्टीचा उल्लेख करतो, तिच्याविषयी कायदे करता येतात, ग्रंथ लिहिता येतात, व्याख्यानमाला भरविता येतात. परंतु ती प्रत्यक्ष घडते ती बाकावर, जिन्यात, उंबऱ्याशी आणि पाण्याच्या माठाजवळ, आणि तेथे ती घडली नाही तर ती कोठेच घडलेली नसते, असे माझे मत आहे.

हे उपनगरांत अधिक स्पष्ट दिसते, याला कारण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, तेव्हा तिने साष्टीच्या ज्या भूमीतून वाट काढली तीत आजचे घाटकोपर आणि मुलुंड येतात. १८६७ साली पश्चिमेच्या लोहमार्गावर विरारपासूनची वाहतूक सुरू झाली, १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत महापालिकेची हद्द वाढत दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. १९९० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ भरली. कोकणातून आणि देशावरून, गिरगाव-परळच्या चाळी सोडून, कच्छ-काठेवाडातून, उत्तरेतून आणि दक्षिणेतून येथे बिऱ्हाड केलेल्या या माणसांच्या शेजाराला पिढ्यांचा आधार नाही. गावी मनुष्य भावकीने, आळीने, देवळाच्या पारावरील बैठकीने ओळखला जातो. येथे तो आठ बाराच्या गाडीने ओळखला जातो. आणि ती गाडी अशी की, ऐन गर्दीच्या वेळी तिच्या डब्यात दर चौरस मीटरमागे १४ ते १६ माणसे उभी असतात. नाते इतके दूरचे आणि शरीरे इतकी निकट, अशी अवस्था मनुष्यजातीच्या इतिहासात क्वचितच आली असेल. अशा अवस्थेत तटस्थ राहण्याची सोयच उरत नाही. मनुष्याचे कोपर एक तर दुसऱ्याच्या बरगडीत रुतते किंवा ते तो आवरून धरतो, आणि या दोहोंपैकी काय करावयाचे याचा निर्णय त्याला प्रत्येक स्थानकागणिक नव्याने घ्यावा लागतो.

स्त्रियांच्या डब्यात तर या निर्णयांची एक संपूर्ण संहिताच तयार झालेली आहे. केवळ स्त्रियांसाठी असलेली पहिली उपनगरी गाडी ५ मे १९९२ रोजी चर्चगेट आणि बोरिवली यांच्या दरम्यान सुरू झाली, परंतु ही संहिता तिच्याहून पुष्कळ जुनी आहे. ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न तेथे चौकशी म्हणून विचारला जात नाही. त्या प्रश्नाने विचारणारीचा त्या जागेवरील वारसाहक्क नोंदला जातो, आणि हा तोंडी दस्तऐवज सहसा कोणी मोडीत नाही. पोटुशी बाई दारातून आत शिरली की तिची जागा आधीच मोकळी झालेली असते. पदर फाटला, बाही उसवली, तर कोणाच्या तरी बांगडीत अडकविलेली टाचणी हातोहात पुढे येते. ती देणारी कोण आणि घेणारी कोण हे बहुधा दोघींनाही कळत नाही. घरी पोचताच चुलीपुढे उभे राहावे लागणार म्हणून कोणी मांडीवर गवारीच्या शेंगा निवडीत बसली असेल, तर शेजारची अनोळखी बाई न विचारता मूठभर शेंगा आपल्या ओटीत ओढून घेते. ही सारी कामे क्षुल्लक आहेत, हे मला मान्य आहे. ती क्षुल्लक आहेत म्हणूनच ती करणारीला कोणतेही श्रेय मिळत नाही, आणि श्रेय मिळत नसतानाही ती केली जातात, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

लहान कृतींच्या समर्थनार्थ आपण नेहमी ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण पुढे करतो. म्हण खरी आहे, परंतु ती या विषयाला लावणे मला पटत नाही. थेंबाचे मोल तळ्यावरून ठरवावयाचे म्हटले की, ज्या थेंबाचे तळे होत नाही तो वाया गेला असे कबूल करावे लागते. चौथ्याला दिलेली जागा कशातही साचत नाही. तो कुर्ल्याला टेकतो आणि विक्रोळीला उठतो; तेवढ्याने ओळख वाढत नाही, उपकाराची फेड होत नाही, गाडीतील गर्दी तिळभरही कमी होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच डब्यात पुन्हा उभा असतो. जमाखर्चाच्या वहीत या व्यवहाराची नोंद करावयाची झाली तर ती कोणत्या रकान्यात करावी, हा प्रश्नच पडेल. असे असूनही, कुर्ला ते विक्रोळी एवढ्या त्या अवधीत एका थकलेल्या माणसाला दुसऱ्या तीन थकलेल्या माणसांनी माणूस म्हणून ओळखले, ही घटना स्वयंपूर्ण आहे. तिला पुढे काही घडण्याची अपेक्षा नाही.

आपल्या कथाकारांना याचे भान होते. सेतुबंधाच्या लोककथेत खारीचा वाटा सांगितलेला आहे, आणि आज आपण तो शब्द ‘मोठ्या कार्यातील अल्पशी मदत’ या अर्थाने सर्रास वापरतो. परंतु कथेकडे नीट पाहिले तर तो सेतू खारीच्या अंगाला चिकटलेल्या वाळूवाचून अडलेला नव्हता. वानरांनी टाकलेल्या शिळांच्या हिशेबात ती वाळू असून नसल्यासारखी होती. कथेने रामाची बोटे उमटविली ती खारीच्या पाठीवर. सेतूची लांबी-रुंदी सांगण्याचे तिने मनातही आणले नाही. एकनाथांविषयीची आख्यायिकाही याच जातीची आहे. काशीहून रामेश्वराकडे चाललेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या एका गाढवाच्या मुखी रिती केली. शेकडो कोसांच्या यात्रेचे पुण्य एका जनावराच्या घशाखाली उतरले, आणि त्या एका जीवाची तहान भागण्यापलीकडे त्यातून काही निष्पन्न झाले नाही. तीन-चारशे वर्षे महाराष्ट्र ही गोष्ट आपल्या मुलांना सांगत आला आहे, तो त्या तहानेसाठीच.

याउलट, ज्या ठिकाणी तळे खरोखरच साचले अशा एका उदाहरणाचा विचार करावा. अंधेरीच्या पश्चिमेला वेसाव्याच्या किनाऱ्यावर कचऱ्याचे थर साचले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शहा हे वकील आणि त्यांच्या शेजारी राहणारे ८४ वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ असे दोघेच तेथे गेले आणि वाकून कचरा उचलू लागले. पुढे शेकडो हात आले, कोळीवाड्यातील माणसे आली, शाळांतील मुले आली; २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शहांचा सन्मान केला, आणि मार्च २०१८ मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. वर्तमानपत्रांनी उचललेल्या कचऱ्याचे टन मोजले, आणि ते योग्यच होते. माझे मन मात्र त्या पहिल्या दिवशी अडून राहते. तेव्हा कासवे नव्हती, सन्मान नव्हता, आणि पुढे कोणी येईल अशी खात्रीही नव्हती; चौऱ्याऐंशी वर्षांच्या कमरेला वाकताना जो त्रास होतो तेवढा मात्र होता. ते काम पुढे वाढले नसते, तरीही त्या दिवशी वाकलेल्या दोन माणसांचे काही चुकले होते असे मी म्हणू शकलो नसतो.

येथे एक स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे, कारण या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते त्यामुळेच. काही वर्षांपूर्वी माझे वडील शहरातील एका रुग्णालयात वारले. अंत्यसंस्कार उरकल्यावर तिसऱ्या दिवशी, तेथे राहिलेल्या त्यांच्या वस्तू आणण्यासाठी मी एकटाच गेलो होतो. परिचारिकेने एक कापडी पिशवी माझ्या हाती दिली. तीत त्यांचा चष्मा, कवळी ठेवण्याची डबी, दोन सदरे, पाणी पिण्याचे भांडे आणि घडी घातलेले एक वर्तमानपत्र होते. दादरला मुलुंडकडे जाणाऱ्या धीम्या गाडीत मी कसाबसा शिरलो. बाकावर बसलेल्या एका मध्यमवयीन गृहस्थांनी वर पाहिले आणि ‘द्या इकडे’ म्हणून हात पुढे केला. उभ्या माणसाचे ओझे बसलेल्याने मांडीवर घ्यावे, हा या गाड्यांतील जुनाच शिरस्ता आहे, त्यामुळे मीही यांत्रिकपणे पिशवी त्यांच्याकडे दिली. ती मांडीवर ठेवताना आतील भांडे डबीवर आपटून वाजले, तेव्हा त्यांनी पिशवी सरळ केली आणि तिच्यावर आपला तळहात अलगद ठेवला. कुर्ला गेले, घाटकोपर गेले, कांजूरमार्ग गेले. तो तळहात हलला नाही. भांडुपला त्यांना उतरावयाचे होते. मी गर्दीच्या रेट्याने तोवर दाराकडे ढकलला गेलो होतो. उठताना त्यांनी ती पिशवी शेजारच्या तरुणाच्या मांडीवर ठेवली आणि ‘ते निळ्या सदऱ्यातले, दाराजवळ आहेत, त्यांची आहे’ एवढेच सांगितले. मुलुंडला गाडी थांबण्यापूर्वी माझ्या वडिलांचा चष्मा माणसांच्या डोक्यांवरून, चार अनोळखी हातांतून, माझ्यापर्यंत आला. त्या पिशवीत काय आहे हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. ते ठाऊक असते तर त्यांनी निश्चितच सहानुभूती दाखविली असती. परंतु ठाऊक नसताना त्यांनी जे केले, त्याने त्या दिवशी मला उभे राहण्याचे बळ दिले, आणि भेटावयास आलेल्या आप्तांच्या सांत्वनाने ते दिले नव्हते.

मी त्या गृहस्थांचे आभार मानले नाहीत. मानण्यास अवसर नव्हता. पुढे विचार करताना मला वाटू लागले की, आपल्या भाषेत आणि घरांत अशा प्रसंगी आभाराच्या शब्दांचा वापर जो इतका विरळ आहे, त्यात तुसडेपणा नसून वेगळी एक समज आहे. आईने वाढलेल्या ताटाबद्दल ‘आभारी आहे’ म्हणणारा मुलगा जुन्या मराठी घरात परका वाटला असता. आपण कृतीला कृतीनेच उत्तर देत आलो. शेजारणीने वाटीतून भाजी पाठविली तर ती वाटी रिकामी परत करावयाची नाही, तीत चिमूटभर साखर तरी घालावयाची, हा नियम माझ्या आजीने कधी शब्दांत सांगितला नाही, परंतु तिच्या हातून रिकामी वाटी परत गेल्याचे मला आठवत नाही. निघताना ‘जातो’ म्हणावयाचे नाही, ‘येतो’ म्हणावयाचे. परीक्षेला किंवा परगावी निघालेल्या मुलाच्या तळहातावर दही घालावयाचे. उन्हातून आलेल्याला आधी पाणी आणि त्यासोबत गुळाचा खडा द्यावयाचा आणि मग कामाचे विचारावयाचे. पाहुण्याला निरोप देताना जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत तरी जावयाचे. घाटकोपरच्या आणि मुलुंडच्या जुन्या दोन-तीन मजली इमारतींत, जेथे दारे दिवसभर उघडी असत, मराठी आणि गुजराती शेजारणींच्या वाट्यांची ही ये-जा भाषेच्या अडचणीवाचून चाले; वरण इकडून जाई आणि ढोकळा तिकडून येई. आता दारे बंद असतात, आणि ज्या डब्यांतून अन्न येते ते परत करण्याचे डबे नसतात. याविषयी केवळ हळहळ व्यक्त करून काही साधणार नाही, कारण बंद दारांचीही आपली कारणे आहेत, दोघांनीही नोकरी करणे हे त्यांपैकी एक, आणि ते मुळीच अयोग्य नाही. परंतु एका आचारामागून एक आचार गळून पडत असताना त्यांच्या जागी नवे काय घातले, याचा जाब आपण स्वतःस विचारला पाहिजे.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप येतो, आणि तो इतका सबळ आहे की त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पाऊस पडला होता. म्हणजे आपत्ती मुख्यतः उपनगरांची होती. त्या रात्री लोकांनी अनोळखी माणसांसाठी घरे उघडली, पुढे केलेले हात धरून माणसे गळाभर पाण्यातून पलीकडे गेली, अडकलेल्या मोटारींपर्यंत बिस्किटांचे पुडे आणि चहा पोचविला गेला. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ रोजी, पश्चिम मार्गावरील गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले, त्यांत बोरिवली आणि जोगेश्वरी येथील स्फोटही होते. तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसांनी आपल्या अंथरुणावरच्या चादरी आणून त्यांच्या झोळ्या केल्या आणि जखमींना उचलले. ज्यांच्या घरी दुसरी चादर असण्याचा संभव कमी, अशी ही माणसे होती. या दोन्ही प्रसंगांनंतर शहराच्या धैर्याची आणि माणुसकीची स्तुती झाली, आणि ती होत असताना, उपनगरांतील पर्जन्यजलवाहिन्या ताशी केवळ २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, त्यांची क्षमता दुप्पट करावी असे सांगणारा अहवाल १९९३ सालापासून दप्तरात पडून होता, हा प्रश्न मागे पडला. आक्षेपक म्हणतो की, नागरिकांच्या सौजन्याचे गोडवे गाणे म्हणजे कारभाऱ्यांना अभय देणे. बाकावर चौघे बसतात याचे कौतुक करण्याऐवजी गाड्या वाढवा असे म्हणा. लोहमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकत असताना चार बोटांच्या उदारतेचे स्तोत्र गाणे ही चैन आहे.

या आक्षेपातील मागणी मला पूर्णपणे मान्य आहे. गाड्या वाढल्याच पाहिजेत, फलाट आणि डबा यांमधील पोकळी बुजलीच पाहिजे, आणि माणुसकीचे प्रशस्तिपत्र देऊन कर्तव्यातून सुटका करून घेण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. परंतु लहान कृती आणि मोठी व्यवस्था यांना आक्षेपक जे परस्परविरुद्ध उभे करतो, ते मला मान्य नाही; कारण व्यवस्था ज्या द्रव्याची बनलेली असते ते द्रव्यही लहान कृतींचेच आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर जो जाहिरातफलक कोसळला आणि ज्याखाली १७ माणसे गेली, तो १२० फूट रुंद आणि तितकाच उंच होता. महापालिकेच्या नियमाने ४० फुटांहून मोठ्या फलकास परवानगीच नाही. ही मापे मोजण्यास टेपपट्टी पुरते. अंधेरीचा गोखले पूल पाडून नव्याने बांधला आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू खुली केली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची पातळी जुळत नसल्याचे साऱ्या जगाला दिसले; फरक मीटर-दीड मीटरचा होता. या प्रकरणांत कोणीतरी कोणत्या तरी कागदावर न वाचता सही केली असेल, कोणी मोजावयास जावयाचे ते गेला नसेल, कोणी शंका आली असता ती गिळली असेल. अशा प्रत्येक चुकीच्या क्षणी एका मनुष्यासमोर एक लहानसे, कोणाला न दिसणारे, कोणी वाखाणणार नाही असे काम होते, आणि ते त्याने केले नाही.

त्याच गोखले पुलाची दुसरी हकीकत याच्या नेमकी उलट आहे. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी त्या पुलाचा पादचारी भाग अंधेरी स्थानकाजवळ रुळांवर कोसळला. त्या वेळी तेथे येत असलेल्या उपनगरी गाडीचे मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी समोरचे दृश्य पाहताक्षणी आपत्कालीन ब्रेक लावला आणि प्रवाशांनी भरलेली गाडी अलीकडेच थांबली. हाताची एक हालचाल, एवढेच ते काम. पण ती हालचाल त्या क्षणी सुचण्यासाठी, त्याआधीच्या हजारो निर्वेध सकाळी, काहीही घडत नसताना, नजर रुळांवर ठेवण्याची मेहनत त्या मनुष्याने केलेली होती, आणि त्या मेहनतीबद्दल त्याचे अभिनंदन करण्यास कोणी आले नव्हते. म्हणून मी असे म्हणतो की, बाकावर सरकणारा प्रवासी आणि रुळांवरून नजर न काढणारा मोटरमन हे एकाच गुणाचे धनी आहेत. ज्याचे नाव आपणास ठाऊक नाही आणि जो आपल्याला कधी भेटणार नाही, अशा मनुष्याची दखल घेऊन दोघेही आपले अंग थोडे सावरतात. हा गुण ज्या समाजाच्या हातापायांत उरला नाही, त्याला उत्तम अहवालही वाचवू शकत नाहीत. १९९३ च्या अहवालाचे काय झाले ते आपण पाहिलेच.

परंतु याहूनही अवघड अशी एक बाब राहते. लहान कृती ही स्वभावतः सत्कृती असते, असे समजण्याचे काही कारण नाही. तिरस्कारही लहान कृतींतूनच वावरतो, आणि आपल्या देशात तो शतकानुशतके तसाच वावरत आला. पाणी देताना भांड्याला स्पर्श होऊ नये म्हणून ते उंचावरून ओंजळीत ओतणे; दुकानदाराने पैसे हातात न देता पायरीवर ठेवणे; कपबशी वेगळ्या कोनाड्यात ठेवणे; वयाने वडील असलेल्या मनुष्याला एकेरी हाक मारणे: अस्पृश्यतेचा सारा डोलारा या हातवाऱ्यांवर उभा होता, आणि तो ठरावांनी हलत नव्हता. सीताराम केशव बोले यांच्या प्रस्तावावरून मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले केले. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी तसा ठरावही केला. तरी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या लेखी होते तेथेच होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले, काठाशी वाकले, आणि ओंजळभर पाणी घेऊन ते प्याले. पाणी पिणे याहून साधे, याहून लहान काम मनुष्याच्या आयुष्यात दुसरे कोणते असेल? तथापि सुमारे चार वर्षे कागदावर निर्जीव पडलेला ठराव त्या ओंजळीने जिवंत केला, आणि सनातन्यांनी त्या दिवशी लाठ्या उगारल्या, पुढे तळ्याचे शुद्धीकरण केले आणि न्यायालयात वर्षानुवर्षे झगडा चालविला, तो त्या ओंजळीशीच. १९३७ साली उच्च न्यायालयाने निर्णय दिला. ओंजळीतील पाण्याची किंमत दोन्ही पक्षांना नेमकी कळली होती.

म्हणून लहान कृतींचे महत्त्व सांगताना मी त्यांना गोड म्हणत नाही. त्या निर्णायक आहेत असे म्हणतो. एखाद्या घरात समता आहे की नाही हे त्या घरातील ग्रंथसंग्रहावरून कळत नाही, भांडी घासावयास येणाऱ्या बाईला चहा कोणत्या कपातून मिळतो आणि तो पिताना ती कोठे बसते यावरून कळते. आणि या कसोटीवर आजची आपली उपनगरे उतरतात, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. रेल्वेच्या डब्यात जो मनुष्य अनोळख्याला चौथी जागा देतो, तोच घरी आल्यावर, वीस मजले चढून डबा घेऊन आलेल्या पोराला दारातच उभे ठेवतो आणि त्याच्याकडे न पाहता दार लावतो. मे महिन्याच्या उन्हात तो पोरगा हेल्मेटखाली घामाने निथळत असतो, आणि आत पाण्याचा माठ किंवा थंड पाण्याची बाटली दहा पावलांवर असते. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत उभ्या राहिलेल्या कित्येक नव्या इमारतींत घरकाम करणाऱ्या स्त्रिया, वाहनचालक आणि डबे पोचविणारी मुले यांच्यासाठी वेगळी लिफ्ट राखून ठेवलेली असते आणि तशी पाटी तेथे लावलेली असते. सामानासाठी वेगळी लिफ्ट मी समजू शकतो. परंतु ज्या बाईच्या हातची पोळी आपण खातो, जिच्या कडेवर आपले मूल दिवसभर असते, तिच्यासोबत एका मिनिटाचा प्रवास आपल्याला सोसत नाही, हे त्या पाटीचे म्हणणे आहे, आणि ते मला चवदार तळ्यावरील पहाऱ्याहून जातीने निराळे वाटत नाही. गाडीत चार बोटे सरकणे आपल्याला जमते, याचे कारण कदाचित तेथे आपणही कधीतरी उभे असतो हे असेल. लिफ्टमध्ये सरकण्यासाठी त्याहून थोडी अधिक कल्पनाशक्ती लागते. तेवढी ती आपल्यापाशी आहे, असा माझा विश्वास आहे. ज्यांच्या घरी एकच चादर होती त्यांनी ती २००६ साली रुळांवर आणून दिली, तेव्हा उचलावयाचा मनुष्य कोणत्या जातीचा, धर्माचा किंवा वर्गाचा आहे हे त्यांनी विचारले नव्हते, आणि जखमींत पहिल्या वर्गाचे प्रवासीच अधिक होते.

मी ज्या इमारतीत राहतो तेथेही अशी पाटी आहे. ती लावली गेली तेव्हा मी सभेस हजर होतो आणि गप्प बसलो होतो. ती चूक माझी आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ती पाटी काढावी आणि प्रवेशद्वाराशी, रखवालदाराच्या खोलीबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासही घेता येईल असा पिण्याच्या पाण्याचा माठ आणि भांडे ठेवावे, असा ठराव मी लेखी दिला आहे. वाचकांपैकी ज्यांच्या इमारतीत अशी पाटी असेल, त्यांनी आपल्या सभेत हाच ठराव मांडावा, आणि सभा लांब असेल तर माठ उद्याच ठेवावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.